सात कलमं आणि उणे अडीच

माझ्या हातून आजवर जे काही लिहून झालं, त्यातलं एकच लिखाण लोक रोज वाचतात. ऑफिसात मी आयुष्यभर मसुदेच लिहीत आलो, पण ते फायलीत जातात, फायली कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली रजेवर जाते. हे लिखाण मात्र आमच्या इमारतीच्या फाटकातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर चार फुटी पत्र्यावर उभं आहे. पिवळ्यावर काळी अक्षरं. वर 'आवाराच्या वापराचे नियम', मध्ये सात कलमं आणि तळाला 'हुकमावरून, मानद सचिव'. तो सचिव मी.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मी चहा पीत बसलो होतो आणि खालून आलेला चेंडू थेट माझ्या कपात पडला. कपावर नाही, बशीत नाही, कपात. आज विचार केला तर वाटतं, त्या पोराचा सत्कारच करायला हवा होता. पण त्या वेळी माझा सदरा पांढरा होता आणि हातात सचिवपद होतं. रात्रीच्या आत मी मसुदा तयार केला.

मसुदा उत्तम होता, हे मी आजही म्हणेन. कलम एक, खेळण्यास सक्त मनाई. कलम दोन, निष्कारण उभे राहणे, फिरणे व धावणे यांस मनाई. कलम तीन, 'चेंडू, चेंडूसदृश वस्तू आणि चेंडू म्हणून वापरता येण्याजोगी कोणतीही वस्तू'. या वाक्यावर मी दोन दिवस खूश होतो. कलम चार आरडाओरड्याचं. कलम पाच हा अपवाद, तळमजल्यावरच्या एका झाडवेड्या गृहस्थांसाठी घातलेला: झाडांना पाणी घालणाऱ्यांना, माणशी एक झाड या हिशेबाने, रोज दुपारी चार ते सहा आवारात थांबता येईल, सचिवांची लेखी परवानगी हवी. कलम सहा पालकांना समज देण्याचं. आणि कलम सात म्हणजे माझ्या लेखणीचा कळस. हे नियम बदलायचे तर तीन चतुर्थांश सभासद जातीने हजर हवेत, आणि ज्याच्या घरी पंधरा वर्षांखालचं मूल आहे त्याला तसा प्रस्ताव मांडताच येणार नाही. आईबाप लेकरांच्या प्रेमापोटी वाहवत जातात, म्हणून ही तजवीज.

पाटी रंगवणाऱ्याने मात्र घोळ घातला. पहिलं कलम त्याने वितीएवढ्या अक्षरांत काढलं, दुसरं बोटाएवढ्या, आणि तिसऱ्यापाशी त्याच्या लक्षात आलं की पत्रा संपत चाललाय. मग अक्षरं बारीक होत होत सातवं कलम मोहरीच्या मापाचं झालं. माझा हुद्दा तर त्याहून बारीक. मी तावातावाने बोलायला गेलो, तर तो ब्रश पुसत शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही कमी लिहा, मी मोठं लिहितो." लेखनाबद्दल इतका मोलाचा सल्ला मला कुणी दिलेला नाही. पण तेव्हा मी तो घेतला नाही.

आमची बिट्टी तेव्हा पाच वर्षांची होती. नुकतीच अक्षरं जुळवायला लागली होती, आणि जी पाटी रोज समोर दिसेल तीच पोर वाचणार. महिन्याभरात तिला सातही कलमं पाठ झाली. घरी पाहुणे आले की मी तिला म्हणायला लावायचो. "चेंडूसदृश" हा शब्द ती असा काही ठसक्यात म्हणायची की पाहुणे दुसऱ्यांदा म्हणायला सांगत. त्यानंतर तिने जे वाचायला घेतलं ते आजतागायत सुटलेलं नाही. आवारात खेळायची सोय नव्हतीच, तेव्हा ती कपाट आणि पलंग यांच्या मधल्या फटीत बसून वाचायची. घरात शोध शोध शोधावं आणि फटीतून एक पाय बाहेर दिसावा. इतर पोरं मोबाइलात डोकं खुपसून बसतात आणि माझी पुस्तकात, हे मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलंय की शेजारच्या टेबलावरचा सहकारी आता माझ्या आधी ते वाक्य पूर्ण करतो.

तर बिट्टी अकरा वर्षांची झाली आणि एके दिवशी तिच्या वर्गशिक्षिकेने आम्हा दोघांना बोलावलं.

"तुमच्या मुलीची सगळी गणितं चुकली आहेत," बाई म्हणाल्या. मी खुर्चीत चुळबुळलो. "आणि सगळी उत्तरं बरोबर आहेत," त्या पुढे म्हणाल्या.

मला काही कळेना. बाईंनी वही उघडली. फळ्यावर तीन असेल तिथे बिट्टीने आठ घेतला होता, एक असेल तिथे सात, आणि मग जे भलतंच गणित तयार झालं होतं ते बिनचूक सोडवलं होतं. "इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा बघतेय," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मलाही, खरं सांगायचं तर, आधी अभिमानच वाटला.

"तिला फळा दिसत नाहीये," बायको म्हणाली.

माझी बायको एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासते. त्यामुळे ती थोडंच बोलते, पण बोलते ते अहवालासारखं. मी वाद घातला. शाळेत दरवर्षी डोळे तपासतात, दरवर्षी बिट्टी पास होते, माझ्याकडे कागद आहेत. बायकोने कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बिट्टीला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, समोरचा तक्ता उजळला आणि म्हणाल्या, "वाच." बिट्टीने एका दमात वरपासून खालपर्यंत वाचलं. कुठेही अडली नाही. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"सुंदर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त समोर अंक आहेत. तू अक्षरं म्हणतेयस."

मग सगळं बाहेर आलं. शाळेत एकच तक्ता असतो आणि बिट्टीचा हजेरी क्रमांक एकतीस. तिची पाळी येईपर्यंत पुढच्या मुलांनी तो मोठ्याने वाचलेला असायचा.

"तीस मुलांचं ऐकून पाठ केलंस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकोणतीस. एक गैरहजर होता."

"आणि असं का केलंस गं?"

बिट्टीने मान खाली घातली. "चष्मा लागला की पुस्तकं बंद होतात. शेजारच्या ताईची झाली. तिच्या बाबांनी सगळी रद्दीत घातली."

दोन वर्षं ही पोर अंधुक जगात वावरत होती. मैत्रिणी चालण्यावरून ओळखत होती, फळा अंदाजाने उतरवत होती, आणि हे सगळं कशासाठी, तर मी तिची पुस्तकं काढून घेऊ नयेत म्हणून. मी भिंतीवरचं डोळ्याचं चित्र पाहत राहिलो.

नंबर निघाला उणे अडीच. दोन्ही डोळ्यांचा.

"या वयात नंबर भराभर वाढतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो फार वाढला तर मोठेपणी डोळ्यांना इतर दुखणीही लागू शकतात. म्हणून जमेल तेवढा आत्ताच थोपवायचा."

"आमच्या घरात मुलीच्या हाती मोबाइल देत नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं.

"चांगलं करता. पण तासन्‌तास नाकाशी धरलं की मोबाइल काय आणि पुस्तक काय, डोळ्याला दोन्ही जवळचंच." मग माझ्या जाड भिंगांकडे पाहून त्या म्हणाल्या, "शिवाय थोडं घराण्यातूनही आलेलं दिसतंय." खापर फुटायला माझंच डोकं बरं सापडतं. "दिवसा उजेडी मोकळ्या आकाशाखाली रोज किती वेळ असते ही?"

"अकरा मिनिटं," बायको म्हणाली. घर ते शाळेची गाडी, गाडी ते वर्ग, आणि परत. हे तिने कधी मोजून ठेवलं होतं कोण जाणे.

"दोन तास हवेत. कडक ऊन नको, झाडाची सावली चालेल, पण वर आकाश पाहिजे. आवार नाही का तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हणालो.

"मग?"

"तिथे मनाई आहे," बिट्टी म्हणाली, आणि तिने कलम एक ते सात म्हणून दाखवली. 'चेंडूसदृश'वर तोच जुना ठसका.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोण हो हा दीडशहाणा?"

बायको खिडकीबाहेर दूरवर पाहू लागली. डोळ्यांना तो व्यायाम चांगला असतो म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी पुस्तकं बंद केली नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्यांनी फक्त ती लांब नेली. पुस्तक धरायचं ते कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत एवढ्या अंतरावर, खिडकीपाशी बसून, आणि दर वीस मिनिटांनी मान वर करून दूर कुठेतरी बघायचं. चष्मा दिवसभर लावायचा. "सहा महिन्यांनी या. नंबर थांबेलच असं वचन देत नाही, पण थांबण्याची संधी तरी देऊ." बाहेर पडताना बिट्टी मला हळूच म्हणाली, "बाबा, नंबर वाढला तर घ्याल का पुस्तकं काढून?" मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नसावा, कारण घरी गेल्यावर तिची चार पुस्तकं शेल्फावरून नाहीशी होऊन गादीखाली गेली.

चष्मा घेऊन बिट्टी जिना चढली आणि चौथ्या मजल्यापर्यंत बातमी तिच्या आधी पोहोचली. आमच्या इमारतीत पाणी चढायला वेळ लागतो, बातमीला लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे योगवाले काका सकाळीच येऊन तिला डोळे गरागरा फिरवायला लावून गेले. त्यात त्यांनाच घेरी आली आणि आम्ही त्यांना साखरपाणी दिलं. कुणी गाजरं सुचवली. मी सलग नऊ दिवस गाजरं आणली. दहाव्या दिवशी बायको म्हणाली, "आता नंबर उतरायच्या आधी मी माहेरी जाईन."

सगळ्यात ठाम सल्ला चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा. "चष्मा लावूच नका. डोळा आळशी होतो. माझा नातू बघा, ठणठणीत! सकाळी शाळेला निघतो तेव्हा मी वरून हात करते. हल्ली बघतसुद्धा नाही मेला, शिष्ट झालाय. पण नजर? घारीची!"

मी सर्वांचं ऐकून घेतलं आणि दोन तासांच्या आकाशाच्या शोधात निघालो. सार्वजनिक बाग होती, पण ती सकाळी सहाला, बिट्टीच्या शाळेच्या गडबडीत, उघडून आठला मिटायची आणि पुन्हा दिवे लागल्यावर उघडायची. वेळ बदलून मागावी म्हणून मी बागखात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने सांगितलं की अर्ज विहित नमुन्यात हवा. नमुना छापायला गेलाय. छापून आल्यावर बागेची वेळ बदलण्याचा विचार होईल, तोवर बागेतच वाट पाहायला हरकत नाही. "पण बाग बंद आहे," मी म्हणालो. "म्हणूनच तर अर्ज हवा," तो म्हणाला. एका मसुदेवाल्याने दुसऱ्याला मनोमन सलाम केला आणि मी परतलो. गच्चीला कुलूप होतं. शाळेच्या मैदानावर शाळेच्या गाड्या उभ्या असत. उरलं आवार.

ठरवलं, खेळायचं नाही, नुसतं चालायचं. रजा टाकून साडेतीनला घरी आलो आणि बिट्टीला घेऊन इमारतीभोवती फेऱ्या सुरू केल्या. तिसऱ्या फेरीत ती पाण्याच्या मीटरवर आपटली, कारण चालता चालता वाचत होती. पाचव्या फेरीत वॉचमनने आम्हाला अडवलं.

"साहेब, कलम दोन. निष्कारण फिरणे."

"अरे, ते मीच लिहिलंय!"

"म्हणून तर म्हटलं, तुम्हाला माहीत असेल."

गलका ऐकून सचिव आले. मी पद सोडल्यापासून एक निवृत्त पोस्टमास्तर सचिव आहेत. एकटे राहतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि इमारतीची फाइल छातीशी धरून फिरतात. त्यांच्याइतका माझ्या लिखाणाचा चाहता दुसरा नाही.

"कारण आहे ना," मी म्हणालो. "मुलीचे डोळे."

"ते वैयक्तिक झालं. नियमातलं नव्हे." ते हळहळले. "काय सांगू तुम्हाला, उभी हयात टपालखात्यात गेली, पण इतका हवाबंद मसुदा बघितला नाही. बदलायचं म्हणाल तर कलम सात. तुमच्या घरी मूल आहे, प्रस्ताव तुम्हाला मांडता यायचा नाही. वा! कुठे म्हणून फट ठेवली नाहीत." स्वतःच खणलेल्या खड्ड्याची अशी तारीफ ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मी हात टेकले. बिट्टीने टेकले नाहीत. तिने त्या संध्याकाळी माझ्याकडून दोन कोरे कागद घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांच्या दारात एकोणीस मुलं रांगेत उभी राहिली. अर्जाचा विषय: कलम पाचनुसार झाडांना पाणी घालण्याची परवानगी मिळणेबाबत. भिंतीलगत झाडं एकोणीस, अर्जदार एकोणीस, माणशी एक झाड, वेळ चार ते सहा. सोबत झाडांचा नकाशा आणि कुणाचं झाड कोणतं याची यादी. पोस्टमास्तरांनी बिट्टीला अर्ज दोनदा मोठ्याने वाचायला लावला, आणि त्यांचे डोळे पाणावले. "नियमात बसतंय," ते म्हणाले. "अगदी चपखल बसतंय!" आणि त्यांनी सही ठोकली.

माझा मसुदा हवाबंद होता. त्यात दोन तासांची खिडकी आहे हे मला सहा वर्षांत दिसलं नाही आणि उणे अडीचवालीला एका संध्याकाळी दिसलं. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा सहकाऱ्याला वाक्य पूर्ण करता आलं नाही.

तर झाडांना पाणी सुरू झालं. आता एका झाडाला दोन तास पाणी घालायचं म्हटलं तर मध्ये वेळ उरतोच. बादल्या घेऊन शर्यती लागल्या. झाडं मोजायची म्हणून लपंडाव झाला. आणि त्यातच पोरांना माझ्या पाटीचा नवा उपयोग सापडला. बिट्टी तिच्याकडे बघून म्हणाली, "ही डॉक्टरांच्या तक्त्यासारखीच आहे. वर मोठं, खाली बारीक." टोकाच्या झाडापाशी खडूची रेघ ओढली गेली आणि एकेकाने एक डोळा झाकून माझे नियम वाचायला सुरुवात केली. पाठांतर चालू नये म्हणून शब्द उलटे, शेवटून पहिले वाचायचे, ही बिट्टीची अट. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! तिघं जण तिसऱ्या कलमाच्या पुढे जाऊ शकले नाहीत, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा घारीच्या नजरेचा नातू दुसऱ्यातच अडकला. चौघांच्या घरी निरोप गेले. काकूंनी निरोप परत पाठवला.

मग तो मंगळवार उजाडला. एकोणीस बादल्यांनी सलग दोन तास शर्यत केल्यावर टाकी किती वेळ टिकणार? झाडांच्या आळ्यांतून चिखल वाहू लागला, योगवाले काका त्यात घसरून त्यांना कधी न जमलेल्या आसनात बसले, आणि वरच्या टाकीतलं पाणी संपलं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकू तोंडाला साबण लावून उभ्या होत्या. पाऊण तास उभ्या होत्या. तक्रार त्यांनी साबण सुकायच्या आतच लिहिली, हे अक्षरावरून कळत होतं. परवानगी तात्काळ रद्द करा, अशी मागणी.

पोस्टमास्तरांनी रविवारी आवारातच चौकशी ठेवली. एका बाजूला एकोणीस मुलं चिडीचूप, दुसऱ्या बाजूला काकू, मध्ये फाइल. बिट्टीचा हात माझ्या हातात होता. दोन तासांचं आकाश जाणार, नंबर वाढणार आणि पुस्तकं जाणार, ही साखळी तिच्या डोक्यात पक्की होती.

"नियम काय म्हणतो ते आधी पाहू," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांनी पाटीकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात पाचवं कलम वाचलं. एक शब्द चुकला नाही.

बिट्टीचा हात माझ्या हातातून सुटला. ती पुढे गेली आणि त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलली. मी मागेच होतो म्हणून मलाही ऐकू आलं.

"काका, पाचव्या कलमावर चादर वाळत घातलीय."

घातली होती. तळमजल्यावरच्या कुणाची तरी मोठी निळी चादर, चौथ्या कलमापासून खालच्या हुद्द्यापर्यंत. पोस्टमास्तरांनी डोळे बारीक करून तिकडे पाहिलं. मग त्यांनी फाइल मिटली आणि चौकशी तहकूब केली.

नंतर पायरीवर बसून ते तिला म्हणाले, "दोन वर्षं झाली. सगळं धुकं दिसतं. कागद आला की कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावतो. म्हटलं, कळलं तर सचिवपद काढून घेतील. दुसरं आहे काय मला?"

"मलापण तसंच वाटलं होतं," बिट्टी म्हणाली. "पण डॉक्टरीणबाई काढून घेत नाहीत काही. चला, मी येते."

आणि ती खरंच गेली. त्यांचा हात धरून दवाखान्यात, त्याच खुर्चीपर्यंत. डॉक्टरीणबाईंना तिने आधीच बजावलं की यांना पाठ आहे, तक्ता बदला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. महिन्याच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया झाल्या. तेवढ्या काळात मुलं रोज फाइल घेऊन त्यांच्याकडे जायची आणि पत्रं वाचून दाखवायची. परवानगीही चालू राहिली, फक्त बादलीऐवजी तांब्या, अशी दुरुस्ती त्यांनी आंधळ्या सहीने करून टाकली.

दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी पोस्टमास्तर फाटकातून आत आले आणि पाटीपुढे उभे राहिले. सातही कलमं त्यांनी सावकाश वाचली. मग मला खाली बोलावलं.

"अहो," ते म्हणाले, "हे ऐकायला छान होतं. वाचलं तर फार कठोर आहे हो."

मी मान डोलावली. ते पुढे म्हणाले, "माझ्या घरी पंधरा वर्षांखालचं मूल नाही. प्रस्ताव मी मांडतो."

सभेला चोवीसपैकी अठरा सभासद लागत होते. सतरा आले. मी उभा राहिलो आणि माझ्याच मसुद्याविरुद्ध बोललो. कप, चेंडू, पांढरा सदरा, सगळं सांगितलं. माझ्या पोरीने दोन वर्षं न दिसणारं जग आमच्यापासून लपवलं आणि ज्या जागी तिचे डोळे जपले गेले असते तिथे मी पत्रा ठोकून ठेवला होता, हेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कुणी घड्याळाकडेही बघितलं नाही. तरीही सतरा ते सतराच.

पोस्टमास्तर सभा बरखास्त करणार तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि काकू आत आल्या. त्या उभ्यानेच बोलल्या.

"साबणाचा राग आहे तो आहे. तो मी सोडणार नाही. पण सूनबाईने गेल्या आठवड्यात नातवाला चष्मा आणला, मला न विचारता. आज सकाळी शाळेला निघाला. मी वरून हात केला. आणि त्याने..." काकूंनी पदराने नाक पुसलं. "त्याने उलट हात केला. शिष्ट नव्हता हो तो. त्याला मी दिसतच नव्हते. कुठे सही करायची?"

निकाल मुलांना सांगायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. माझ्या डोक्यात एक गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी, मुलं शाळेत असताना, मी त्याच पाटीवाल्याला बोलावलं. तळाला, माझ्या हुद्द्याच्या खाली, दोन बोटं जागा शिल्लक होती. मी त्याच्या हाती मजकूर दिला. त्याने वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता जमलं बघा साहेब तुम्हाला लिहायला."

त्याच दुपारी बिट्टीच्या तपासणीची तारीख होती. शाळेतून परस्पर दवाखान्यात गेलो. तिने चार पुस्तकांतलं एक छातीशी धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तीन वेगवेगळे तक्ते लावले, भिंगं बदलली, पुन्हा बदलली. मी आणि बायको एकमेकांकडे न बघता बसलो होतो.

"उणे अडीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "होता तिथेच आहे. पुढचं पुढे बघू, पण हे सहा महिने तुम्ही कमावलेत."

"मी नाही," मी म्हणालो. "हिने."

फाटकातून आत आलो तेव्हा साडेचार झाले होते. आवारात मुलं तांबे घेऊन आपापल्या झाडांशी होती. मी बिट्टीला खडूच्या रेघेवर उभं केलं. "जाता जाता घरचा तक्ता वाच की."

"बाबा, तो पाठ आहे मला."

"असू दे. वाच."

तिने कंटाळून सुरुवात केली. कलम एक, कलम दोन, 'चेंडूसदृश' तेवढं ठसक्यात, चार, पाच, सहा, सात. हुकमावरून, मानद सचिव. आणि वळायला निघाली ती थांबली. चष्मा बोटाने वर सरकवला.

"बाबा, खाली काहीतरी आहे."

"काय आहे?"

"वरील... सर्व... नियम... रद्द." ती एकेक शब्द उचलत होती, पाच वर्षांची असताना उचलायची तशी. मग शेवटच्या शब्दापाशी आली आणि तिचा आवाज एकदम मोठा झाला. "खेळा!"

आवारात क्षणभर एकही तांब्या वाजला नाही. मग अठरा तांबे एकदम खाली पडले. बिट्टीने हातातलं पुस्तक माझ्या हातात दिलं. "हे धरा. सांभाळा," म्हणाली, आणि गेली.

कुठून तरी चेंडू आला. इतकी वर्षं तो कुणी कुठे लपवला होता कोण जाणे. मी पुस्तक डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या अंतरावर धरलं, पण वाचलं नाही. मान वर करून दूर बघत उभा राहिलो.